ऐकल्यापासून सुतक

लालासाहेब कापडदुकानाच्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसले होते आणि बशीतून चहा पीत हसत होते. नर्स पद्मा दवाखान्याच्या दुपारच्या सुट्टीत दोऱ्याचं रीळ आणायला सांगलीच्या पेठेत आली होती. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं, म्हणून दुकानाच्या पायरीशी सावलीला घटकाभर थांबली, आणि तो घोगरा आवाज कानावर पडला. "हिरवं दावा की वो. नवरीला हिरव्याबिगर भागतंय व्हय?" दुकानदार लढाईचं रडगाणं गात होता, माल नाही, कंट्रोल आहे, वरून येतच नाही. लालासाहेब म्हणाले, "आतल्या फडताळात असंल बगा. आमी काय आज नवं गिऱ्हाईक हाय?" मग दुकानदारानं विचारलं, लग्न कधीचं? "रईवारचं. नवरा पलटनीतला हाय, रहिमतपूरचा. बुधवारी रजा सरतीया त्याची. म्हनून तर ही धावपळ." असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली आणि मिशा पुसल्या. त्यांच्यापुढं लुगडी पडली होती, नवरदेवाचा फेटा पडला होता, आणि चेहऱ्यावर मुलीच्या बापाचा तो सगळा थकवा आणि आनंद होता. पद्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोऱ्याचं रीळ न घेताच ती मागं वळली.

याच माणसानं गेल्या शनिवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात खांबाला टेकून तिच्यापुढं हंबरडा फोडायचा तेवढा बाकी ठेवला होता. फेट्याच्या पदरातून घडी घातलेली तार काढून तिच्या हातात दिली होती. "आष्ट्याच्या मास्तरांनी वाचली. पर त्यांचं इंग्रजी कच्चं हाय म्हनत्यात. तुमी एकदा बगा की बाई. काय दुसरं लिवलं असंल तर." दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शिपाई आकाराम कामी आला, एवढंच होतं. तिनं ते मराठीत सांगितलं, आणि सांगताना आपला आवाज शक्य तितका मऊ ठेवला. लालासाहेबांनी तोंडात फेट्याचा पदर कोंबला. मग थोड्या वेळानं म्हणाले, "वैनीला सांगू नगासा. मास्तरांस्नीबी गप ऱ्हायला सांगितलंय. टाकं निगूस्तवर तरी. डाक्तर म्हनाले न्हवं का, काळीज नाजूक हाय म्हनून." डॉक्टर तसं म्हणाले होते, हे खरंच होतं. त्यांची भावजय, आकारामची आई शालूबाई, हिच्या पोटातून नारळाएवढा गोळा काढला होता, आणि टेबलावर तिची नाडी दोनदा हाताखालून निसटली होती. पद्मानं मान हलवली. तिला त्या माणसाची दया आली होती. आता पेठेतून दवाखान्याकडं झपाझप चालताना तिला त्या दयेचीच सगळ्यात जास्त चीड येत होती. तो रडला ते खोटं नव्हतं, हेही तिला कळत होतं, आणि त्यानं राग कमी होत नव्हता, उलट चढत होता. रडताना त्याच्या डोक्यात लग्नाची तारीख होती. टाके कधी निघणार हे त्यानं तिला दोनदा विचारलं होतं. सोमवारी, असं कळल्यावर त्यानं जो श्वास सोडला, तो तिनं दुःखाचा समजून घेतला होता.

आणि ती सहा दिवस प्रार्थना करत होती. हे आठवलं की तिला रस्त्यातच उभं राहून कुणाला तरी ओरबाडावंसं वाटत होतं. कारण पद्मा रोग्यांसाठी प्रार्थना करत नाही, हे अख्ख्या दवाखान्याला माहीत होतं. आठ वर्षांत केली नव्हती. मिशनच्या दवाखान्यात शिकत असताना ऑपरेशनच्या आधी सगळे डोळे मिटून उभे राहायचे, तेव्हा ती डोळे उघडे ठेवून ट्रेमधल्या चिमट्यांवर नजर ठेवायची. इथं धर्मादाय दवाखान्यात आल्यावर तर रोगी सर्रास हात धरायचे. बाई, देवाला सांगा. बाई, एवढा अंगारा लावा. बाई, माझ्या नावानं नारळ बोला. पद्मा अंगारा लावायची, ताईत टाक्यांपासून दूर सरकवून बांधायची, गुरवाला आत येऊ द्यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. "मी औषध देते. बाकीचं तुमचं तुम्ही मागा," असं सांगून मोकळी व्हायची. मोठ्या नर्स लीलाबाई यावरून तिच्याशी भांडायच्या. लीलाबाई साताऱ्याच्या ख्रिस्ती, वयानं पन्नाशीच्या, आणि कुणाच्याही देवाचं नाव घ्यायला त्यांची जीभ अडखळायची नाही. मुसलमान म्हातारीपाशी त्या अल्लाचं नाव घेत, धनगराच्या पोरापाशी बिरोबाचं. "अगं, रोग्यानं पाणी मागितलं तर आपल्याला तहान आहे का, हे आपण बघतो का?" असं त्या म्हणत. पद्मा म्हणे, पाणी खरं असतं. त्यावर लीलाबाई तिच्याकडं अशा बघत की जणू तीच एखाद्या खाटेवर निजली आहे आणि तिचाच ताप मोजायचा राहिला आहे. ते बघणं पद्माला मुळीच सोसायचं नाही.

शालूबाईनं मात्र तिला खिंडीत गाठलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाडी बघताना तिनं उलट पद्माचंच मनगट धरलं. आडव्या हाडाची, उन्हानं रापलेली बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, कपाळ कोरं, हाताला उसाच्या पाल्याचे जुने ओरखडे. "बाई, माझ्या आकारामासाठी आमच्या चौंडेश्वरीला हात जोडा." पद्मानं नेहमीचं उत्तर दिलं, तुम्हीच जोडा. शालूबाई हसली. "माझं तोंड देवीनं वळखून ठिवलंय. म्या मालकासाठी मागितलं, न्हाई दिलं. धाकटीसाठी मागितलं, न्हाई दिलं. आता ह्या तोंडानं आकारामाचं नाव काडायचं मला भ्या वाटतंय. तुमचं तोंड नवं हाय. शिकलेलं हाय. तुमचं मागनं सरकारी कागदावानी लागू व्हईल." शेजारच्या खाटेवरची धोंडुबाई खुदकन हसली. धोंडुबाई आष्ट्याची, शालूबाईच्याच गल्लीतली, मांडीला गळू होऊन पडलेली. तिची सून रोज सकाळी भाकरी घेऊन यायची आणि इथलं तिथं, तिथलं इथं करून जायची. पद्मालाही हसू आलं. पण हात जोडले नाहीत. ते शनिवारी संध्याकाळी जोडले. तार वाचून झाल्यावर, लालासाहेब निघून गेल्यावर ती वॉर्डात आली, आणि शालूबाईनं उशीवरून मान वळवून विचारलं, "आज तरी?" तिला नाही म्हणवलं नाही. ती खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, "चौंडेश्वरीआई, आकारामला सुखरूप ठेव. त्याला घरी आण." मोठ्यानं म्हणा, धोंडुबाई पलीकडून म्हणाली, आमालाबी ऐकू द्या. तिनं मोठ्यानं म्हटलं. शालूबाईनं डोळे मिटले आणि त्या रात्री ती पहिल्यांदा कण्हली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पद्मा आपणहून खाटेशी गेली. सहा संध्याकाळी. आणि सगळ्यात शरमेची गोष्ट ही, की तिला बरं वाटत होतं. छातीतलं काहीतरी सैल होत होतं. आपण या बाईवर पांघरूण घालतो आहोत, असं वाटत होतं. मेलेल्या पोरासाठी हात जोडताना तिला बरं वाटत होतं!

दवाखान्याच्या फाटकातून आत शिरताना तिला साताऱ्याच्या घरातलं तुळशीवृंदावन दिसलं. दिसलं म्हणजे काय, ते जात नव्हतंच कधी. पंधरा वर्षं झाली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, नवरा गोपाळकृष्ण पुण्याला परीक्षेला बसला होता, आणि ती धाकट्या भावाच्या मुंजीसाठी माहेरी आलेली. नवऱ्याशी तिचं बोलणं सगळं मिळून चार तास झालं असेल. तो बोलताना कानाची पाळी ओढायचा, एवढंच आता नक्की आठवतं. मुंज चार दिवसांवर असताना पुण्याहून पत्र आलं. विष्णुपंतांनी, तिच्या वडिलांनी, ते ओट्यावर उभ्यानं वाचलं आणि पंचांगात ठेवून दिलं. आईला सांगितलं. बहुतेक मोठ्या काकूलाही सांगितलं. तिला सांगितलं नाही. जावई विषमज्वरानं गेला होता आणि त्याला पोचवूनही झालं होतं. पण मांडव पडला होता, आचारी ठरला होता, वाईहून पाहुणे आले होते. मग आई तिला म्हणाली, पद्मे, नव्वारी नीट नेस, सवाष्णींना हळदीकुंकू तूच लाव, तुझा हात चांगला आहे. तिनं लावलं. दोनतीन आळ्यांतल्या बायकांना तिनं लावलं, वाकून नमस्कार केले, अखंड सौभाग्यवती भव असे आशीर्वाद घेतले. आई शेजारी उभी राहून ते आशीर्वाद ऐकत होती आणि हसत होती. आईचं ते हसणं! सकाळ-संध्याकाळ ती तुळशीला प्रदक्षिणा घालत होती, तेव्हा आई स्वैपाकघरातून म्हणायची, पाच घाल गं, त्याचा पेपर आहे. तिनं पाच घातल्या. त्याचा पेपर चांगला जाऊ दे, असं मागितलं. नऊ दिवस मागितलं. दहाव्या दिवशी, सोडमुंजीची गडबड आणि पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर, तिला माजघरात बोलावलं आणि सांगितलं. आणि ती रडायच्याही आधी काकू म्हणाली, आता ऐकलंन् ना, आता हिचं सुतक सुरू. सुतक ऐकल्यापासून धरायचं असतं. तोवर काही बाधत नाही.

तोवर काही बाधत नाही! तिनं कुंकू लावलेल्या बायकांना मात्र बाधलं. पुढच्या महिन्यात आळीतून जाताना त्या तिच्याकडं बघायच्या, आणि त्या बघण्यात दया नव्हती, फसवणूक झाल्याचा संताप होता. जणू पद्मानंच त्यांच्या कपाळाला हात लावून त्यांना फसवलं होतं. तिनं कुणाला फसवलं नव्हतं. तिला फसवलं होतं. तिच्या तोंडून नऊ दिवस जे निघालं ते कुणापुढं गेलं, कुठं पडलं, कुणी उचललं, हा प्रश्न तिनं एकदाच वडिलांना विचारला. विष्णुपंत म्हणाले, देवाला सगळं कळतं. म्हणजे देवालाही कळलं होतं. आईला कळलं होतं, काकूला कळलं होतं, देवाला कळलं होतं, आणि ती एकटी अंगणात गोल फिरत होती. त्या दिवसापासून तिनं कुठल्याही मूर्तीपुढं ओठ हलवले नाहीत. घरानं विधवेचं तांबडं आलवण पुढं केलं तेव्हा ती भांडून, उपाशी राहून नर्सिंगला गेली. पांढरं पातळ नेसली. आणि आता इतक्या वर्षांनी, कुणी जबरदस्ती केली नसताना, ती आईच्या जागी उभी राहून दुसऱ्या बाईला पाच घाल म्हणत होती.

पाचच्या सुमाराला लालासाहेब आले. हातात दोन मोसंब्या होत्या, नेहमीसारख्या. पद्मानं त्यांना वॉर्डाच्या दारातच अडवलं आणि व्हरांड्याच्या टोकाला नेलं, जिथं गेल्या शनिवारी त्यांनी तार काढली होती.

"हिरवं लुगडं मिळालं का?" तिनं विचारलं.

लालासाहेबांनी मोसंब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. नाकारायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्यामुळं तिला जास्तच राग आला.

"मिळालं," ते म्हणाले. "बाई, आदी ऐकून घ्या."

"काय ऐकू? टाके निघेपर्यंत थांबा म्हणालात. टाक्यांसाठी थांबवलंत का मांडवासाठी?"

"दोन्हीसाठी. खोटं कशाला बोलू? भावकीत आमाला धा दिसांचं सुतक. आन घरात असा तरणा गडी गेल्यावर वरसभर मांडव न्हाई घालता येत. नवरा बुधवारी चालला लढाईवर. त्यो परत कवा येनार, येनार का न्हाई, कुनाला ठावं? त्याच्या घरचं वरीसभर थांबत्यात व्हय? दुसरी पोरगी बगत्याल. माझी चंद्रा ऱ्हाईल तशीच."

"आणि तुम्हाला सुतक नाही? तुम्ही तर ऐकलंत."

"ऐकलं. तुमच्याच तोंडनं ऐकलं." त्यांचा आवाज फाटला. "ते माझ्या डोस्क्यावर. म्या सुतकात कन्यादान करनार, हे पाप माझं. देवीनं मला काय करायचं ते करू दे. पर वैनीनं ऐकलं तर ती पाप करनार न्हाई. ती सरळ हाय. ती म्हनंल मांडव मोडा. आन चंद्राची आई न्हाई वो बाई. आठ म्हैन्याची हुती तवा गेली. वैनीनंच वाडवली, आकारामाच्या जोडीनं. एका ताटात जेवल्याती दोगं."

"म्हणूनच तिला सांगायला हवं."

"सोमवारी. सोमवारी म्या सोता येतो. पाया पडतो तिच्या."

"आणि तोवर तिनं देवीला काय मागायचं? मी काय मागायचं तिच्यासाठी?" पद्माचा आवाज इतका चढला की औषधाच्या खिडकीतून कंपाउंडरनं डोकं बाहेर काढलं. लालासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात खरंखुरं आश्चर्य होतं. "मागायचं की," ते म्हणाले. "मागन्यानं काय हुतंय? तिला बरं वाटतंय न्हवं?" त्यांनी मोसंब्या कठड्यावर ठेवल्या आणि ते वॉर्डात न जाताच पायऱ्या उतरून गेले. पाठीत वाकलेले, धोतराचा सोगा हातात धरून, भराभर. पद्माला त्या मोसंब्या उचलून त्यांच्या पाठीवर माराव्याशा वाटल्या.

लीलाबाई मलमपट्टीच्या खोलीत कात्र्या उकळत होत्या. पद्मानं त्यांना सगळं सांगितलं, एका दमात, आणि मी आज तिला सांगणार, म्हणून शेवट केला. लीलाबाईंनी झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली, पुन्हा ठेवलं. "डॉक्टरांनी सोमवारपर्यंत धक्का नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "काही झालं तर नोकरी जाईल, ते सोड. बाई जाईल." पद्मा म्हणाली, मला ठाऊक आहे. "तिच्यासाठी सांगतेयस का स्वतःसाठी?" लीलाबाईंनी हे इतक्या साधेपणानं विचारलं की पद्माला तोंडात मारल्यासारखं झालं. स्वतःसाठी, हे तर होतंच. पण स्वतःसाठी म्हणून ते चूक कसं ठरतं? जिला कुणी सांगितलं नाही तिनंच सांगायचं नाही तर कुणी? ज्यांनी कधी अंगणात गोल फिरून पाहिलं नाही त्यांनी? "माझ्याच्यानं आज हात जोडवणार नाहीत," ती एवढंच म्हणाली. लीलाबाई म्हणाल्या, "मग नको जोडू. मी जोडते." आणि याचा तर पद्माला इतका राग आला की ती दार आपटून बाहेर पडली. या बाईला काहीच जड जात नव्हतं. हिचा देव म्हणजे वॉर्डातला माठ, येईल त्यानं पेला बुडवावा.

वॉर्डात सहाची शांतता होती. खिडक्यांवरचे वाळ्याचे पडदे वाळून कडक झाले होते. धोंडुबाईला गळवाची पट्टी बदलायला पलीकडच्या खोलीत नेलं होतं, तिची खाट रिकामी होती, आणि बाकीच्या खाटा लांब होत्या. पद्मानं हे सगळं पाहून घेतलं. स्टूल ओढलं. आधी नाडी बघितली, कारण हात दुसरं काही करायला तयार नव्हते. नाडी भरलेली होती, ऐंशीच्या आसपास. गेल्या आठ दिवसांत एवढी चांगली कधीच लागली नव्हती. शालूबाईचे केस कुणीतरी विंचरून दिले होते. ती ताजीतवानी दिसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाचा उल्हास होता. तो उल्हास पद्मानंच आणला होता, रोज एक मात्रा देऊन.

"आज उशीर केला, बाई."

"शालूबाई, मी आज हात जोडणार नाही."

"का वो? दमला व्हय?"

पद्मानं सांगितलं. कसं सांगावं याची तिनं पेठेतून येताना मनाशी पाच वेळा उजळणी केली होती, आणि त्यातलं काहीच तोंडी आलं नाही. आकारामची तार आली, एवढं ती म्हणाली. तो लढाईत गेला, हेही म्हणाली. आणि मग, थांबता आलं असतं तरी न थांबता, तिनं बाकीचंही सांगितलं: रविवारचं लग्न, नवऱ्याची रजा, लालासाहेब. ते सांगताना तिच्या आवाजात राग आला, आणि तो राग आल्याबद्दल तिला स्वतःचा राग आला. तिचं बोट शालूबाईच्या मनगटावरच होतं. नाडी एकदम पातळ झाली, धावली, एक ठोका गळला. पद्मानं दुसऱ्या हातानं खाटेखालची औषधाची बाटली चाचपली. मग नाडी परत आली. शालूबाई छताकडं बघत होती. हात मात्र पोटावरच्या टाक्यांवर दाबून धरला होता, जणू ते आतून कुणीतरी उसवत होतं. भिंतीपलीकडं धोंडुबाई पट्टी ओढताना ओरडली, आणि कंपाउंडर तिला काहीतरी थट्टेनं बोलला.

"तार कवा आली?" शालूबाईनं विचारलं. आवाज तिचा नव्हताच.

"शनिवारी."

"तुमाला ठावं हुतं."

"हो. मीच वाचली."

शालूबाईनं मान वळवली. पद्मानं खूप डोळे पाहिले होते, शुद्धीत येणारे, शुद्धीतून जाणारे. हे तिला बघवेनात.

"मंग शनवारधरनं तुमी काय मागत हुता?"

पंधरा वर्षं हाच प्रश्न तिनं हातात धरून ठेवला होता, कुणाला तरी विचारायला. आता तो तिला विचारला गेला होता, आणि तिच्याकडं आईपेक्षा वेगळं काही नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून, असं ती पुटपुटली. शालूबाईच्या डोळ्यांतून पाणी येऊन दोन्ही बाजूंनी केसांत शिरत होतं, आणि ते पुसायला पद्मानं पुढं केलेला हात तिनं बाजूला सारला. तिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, आपल्या थोबाडीत मारावी, असं पद्माला फार वाटलं. त्यानं सगळं मोकळं झालं असतं.

"नवरा कवा जानार म्हनला?"

"बुधवारी."

"चंद्राला हिरवं घेतलंय?"

"हो. मिळालं म्हणाले."

शालूबाईनं दोन्ही हातांनी खाटेच्या लोखंडी पट्ट्या धरल्या. तिची बोटं पांढरी झाली. छाती वरखाली झाली, आणि एक हुंदका गळ्यापर्यंत आला तो तिनं दात आवळून तिथंच धरला. पद्मानं बाळंतिणी पाहिल्या होत्या, पाय तोडलेले गडी पाहिले होते, पण माणसाला असं स्वतःला धरून ठेवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली, एक टेकत, एक ओढत. धोंडुबाई परत येत होती. शालूबाईनं ती पावलं ओळखली. पदरानं तोंड पुसलं, एकदा, दोनदा, खसाखसा, कपाळापर्यंत.

"बाई," ती घाईनं म्हणाली, "तुमी मला काय बी सांगितलं न्हाई."

"शालूबाई..."

"म्या ऐकलं न्हाई. समजलं? धोंडुबाईच्या सुनेनं हे आष्ट्यात नेलं तर मांडव मोडंल. सोमवारी सकाळच्याला या, आन मला सांगा. पैल्यापासनं सांगा. तवा म्या ऐकंन. तवा रडंन." तिनं पद्माचं मनगट पकडलं, नख रुतेल इतकं घट्ट. "तुमाला लय घाई झाली सांगायची. आता एवडं करा."

पद्माला म्हणायचं होतं, हे कसं चालेल? तुम्ही ऐकलंय. माझ्यासमोर ऐकलंय. तुमच्या पोराचं दुःख तीन दिवस गहाण टाकायला लावणारी ती कोण चंद्रा, आणि बुधवारनंतर तिचंही काय होणार आहे? तिला ओरडायचं होतं की मी पंधरा वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते तुम्ही माझ्या हातातून काढून घेताय. पण दारात कंपाउंडरच्या खांद्याला धरून धोंडुबाई उभी राहिली होती, हाशहुश करत, आणि खाटेपर्यंत यायच्या आधीच तिनं विचारलं, "झालं का गं देवीचं मागनं? का माज्यासाठी थांबलाय?"

"तुज्यासाठीच थांबलोय," शालूबाई म्हणाली. तिनं मनगट सोडलं नाही. "उभ्या ऱ्हावा, बाई."

पद्मा उभी राहिली. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. देवी, देव, विष्णुपंत, आई, लालासाहेब, लीलाबाई, खाटेवरची ही बाई, या सगळ्यांचा तिला इतका राग आला की डोळ्यांपुढं खिडकीची चौकट हलली. शालूबाईनं मनगट सोडलं आणि स्वतःचे हात छातीवर जोडले.

"आकारामला सुखरूप ठेव," पद्मा म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"मोट्यानं," शालूबाई म्हणाली. "रोजच्यावानी. धोंडुबाईला ऐकू गेलं पायजे."

पद्मानं मोठ्यानं म्हटलं. वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. पलीकडच्या खाटेवर टेकता टेकता धोंडुबाईनं भक्तिभावानं कपाळाला हात लावले.